मळ्यातल्या पाय-बोर्डांवर स्वतःचं कर्नल : बांधायचं का, आणि बदलताना बोर्ड मरू नये म्हणून काय करायचं?

तापीकाठचा | शनिवार, रात्री ९:१०

रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या मळ्यांवर १४ बोर्ड (तळहाताएवढे लिनक्स-संगणक) लागलेत. ९ रास्पबेरी पाय ४ (२ जीबी), ५ ऑरेंज पाय झीरो ३. दर पंपघरात एक. काम सगळीकडे सारखंच: पाण्याच्या मीटरचे पल्स मोजणं, रिलेमार्फत स्टार्टर चालू-बंद करणं, आरएस-४८५ वरून वीजमीटर वाचणं. नेट ४जी राउटरचं.

पायवर जुनी बुकवर्म (डेबियन १२) इमेज आहे, कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.१. पल्स मोजायला कर्नलमधला इंटरप्ट काउंटर ड्रायव्हर वापरायचा आहे, तो या इमेजमधे बंद आहे. शिवाय सगळ्यांना ६.१२ वर न्यायचं आहे. तीन प्रश्न:

१) लॅपटॉपवर क्रॉस-कंपाइल (एका मशीनवर दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी बांधणं) करायची आजची सरळ पद्धत कोणती?
२) दूरच्या बोर्डावर नवं कर्नल टाकलं आणि ते उठलंच नाही, तर परत जुन्यावर कसं यायचं? पंपघरात कार्ड बदलायला कोणी नसतं.
३) ऑरेंज पायला हीच रीत चालते का?

फौजदारी_डाळ | ९:१४

भाऊ, मोटार चालू-बंद कराले कर्नल बांधी राहिना? कशाले एवढा कुटाणा!

पांझरा | ९:५२

डाळभाऊ, थोडं थांबा, आधी त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर होऊ द्या.

कमांडी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलात अर्थातच इंग्रजीत टाका.

डेबियन किंवा उबंटूचं ६४-बिट मशीन घ्या. पॅकेजं: गिट, बीसी, बायसन, फ्लेक्स, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह, मेक आणि क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-आर्म६४. डिस्कवर १५-२० जीबी मोकळी ठेवा. रास्पबेरी पायच्या लिनक्स रेपोतून आरपीआय-६.१२.वाय ही शाखा 'डेप्थ=१' लावून क्लोन करा. पूर्ण इतिहास ओढलात तर कित्येक जीबी जातील आणि त्यातलं काहीही लागणार नाही.

मग:
मेक आर्च=आर्म६४ क्रॉस_कंपाइल=एआर्च६४-लिनक्स-जीएनयू- बीसीएम२७११_डेफकॉन्फिग

पाय ३, पाय ४ आणि झीरो २ डब्ल्यू ६४-बिटमधे चालवत असाल तर हीच डेफकॉन्फिग (तयार सेटिंग्जचा संच). पाय ५ ला बीसीएम२७१२. शेवटची डॅश विसरू नका, ती कंपायलरच्या नावाचा भाग आहे.

त्यानंतर मेन्यूकॉन्फिगमधे दोनच गोष्टी. एक, लोकलव्हर्जनला स्वतःचं शेपूट द्या, उदाहरणार्थ '-केळी१'. त्यामुळे मॉड्यूलांचं (कर्नलला नंतर जोडता येणाऱ्या ड्रायव्हर-फायलींचं) फोल्डर वेगळं होतं आणि जुन्या कर्नलची मॉड्यूलं सुरक्षित राहतात. दोन, काउंटर सपोर्ट आणि त्याखालचा इंटरप्ट काउंटर 'एम' (मॉड्यूल) करा. जाताजाता डीबग इन्फो 'नन' आहे ना हे बघून घ्या. ते चालू राहिलं तर डिस्क फुगते आणि वेळही लांबतो.

मग त्याच आर्च आणि क्रॉस_कंपाइलसह: मेक -जे८ इमेज मॉड्यूल्स डीटीबीज. चार कोअरच्या साध्या लॅपटॉपवर पाऊण तास धरून चाला. सी-कॅशे लावलं की दुसऱ्या खेपेपासून खूप फरक पडतो.

व्हर्जनच्या शेवटी आपोआप '+' आलं तर घाबरू नका. गिटमधल्या झाडात तुमचे बदल आहेत किंवा टॅग सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. मेकच्या ओळीत 'लोकलव्हर्जन=' असं रिकामं लिहिलं की ते जातं. मात्र ते दर वेळी लिहा. एकदा लिहून एकदा विसरलात तर इमेज एका नावाची आणि मॉड्यूलं दुसऱ्या नावाची होतात. मग बोर्ड उठतो खरा, पण वायफाय नाही, यूएसबी-सीरियल नाही.

मेहरूण_बोर | १०:०५

विंडोजवाल्यांसाठी भर. डब्ल्यूएसएलमधे (विंडोजमधल्या लिनक्समधे) बांधायला हरकत नाही, पण झाड सी ड्राइव्हवर क्लोन करू नका. नेटफिल्टरच्या फोल्डरात एकाच नावाच्या दोन-दोन फायली आहेत, एक कॅपिटल अक्षरांत, एक स्मॉल. विंडोजची फाइल सिस्टिम दोन्ही एकच समजते. क्लोन होताच गिट 'बदल आहेत' म्हणू लागतं आणि बिल्ड भलत्याच ठिकाणी फुटतं. लिनक्सच्या होम फोल्डरात ठेवा. आणि पाथमधे स्पेस नको. 'माझे प्रोजेक्ट' असलं फोल्डर मेक दारातूनच परत पाठवतं.

भुसावळ_लोको | १०:३१

पांझरा यांनी दिलेली पद्धत बरोबर आहे, पण या कामासाठी ती गरजेची आहे असं मला वाटत नाही. एका ड्रायव्हरसाठी अख्खं कर्नल बांधणं म्हणजे एका डब्याचं चाक बदलायला सगळी गाडी यार्डात घेण्यासारखं आहे.

काउंटरचा गाभा आणि इंटरप्ट काउंटर, दोन्ही मॉड्यूल म्हणून बनतात. चालू कर्नलचे हेडर बसवा, त्याच आवृत्तीच्या सोर्समधून ड्रायव्हर्स/काउंटर हे फोल्डर उचला आणि बोर्डावरच:

मेक -सी /लिब/मॉड्यूल्स/(चालू आवृत्ती)/बिल्ड एम=(त्या फोल्डरचा पाथ) कॉन्फिग_काउंटर=एम कॉन्फिग_इंटरप्ट_सीएनटी=एम मॉड्यूल्स

दोन-तीन मिनिटांत दोन .केओ फायली हातात. कर्नल वितरणाचं, सुरक्षा-दुरुस्त्या ॲप्टमधून (पॅकेजं बसवणारं साधन). १४ बोर्डांचं कर्नल स्वतः बांधलं की पुढची प्रत्येक दुरुस्ती तुम्हीच ओढायची, तुम्हीच बांधायची, तुम्हीच पोचवायची. हे आयुष्यभराचं लोढणं आहे.

पांझरा | १०:४४

लोको, मुद्दा मान्य, पण अर्धाच. ॲप्टने कर्नल बदललं की तुमची .केओ फाइल 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' म्हणून बाद होते, कारण व्हरमॅजिक (मॉड्यूलवरचा कर्नल-आवृत्तीचा शिक्का) जुळत नाही. म्हणजे डीकेएमएस (दर नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बांधणारं) लावा, म्हणजे प्रत्येक बोर्डावर हेडर आणि जीसीसी ठेवा. चौदा बोर्डांवर कंपायलर सांभाळायचा की एका लॅपटॉपवर?

भुसावळ_लोको | १०:४९

कर्नलला ॲप्ट-मार्क होल्ड लावा, ॲप्ट ते बदलणारच नाही. प्रश्न मिटला.

पांझरा | १०:५१

मग सुरक्षा-दुरुस्त्यांचा मुद्दाही मिटला :)

अमळनेरी | १०:५८

पॉपकॉर्न नको, मुरमुरे-फुटाणे घेऊन बसलोय. चालू द्या.

यूबूट_ताई | रविवार, सकाळी ७:२०

भांडण छान चाललंय, पण दुसरा प्रश्न तसाच पडून आहे आणि खरा तोच महत्त्वाचा आहे. चूक सगळ्यांची होते, पण ती दुरुस्त करायला २० किलोमीटर जावं लागू नये.

रास्पबेरी पायसाठी उत्तर ट्रायबूट. 'रीबूट "० ट्रायबूट"' असा आदेश दिला की फर्मवेअर त्या एकाच वेळी कॉन्फिग.टीएक्सटीऐवजी ट्रायबूट.टीएक्सटी वाचतं. त्यानंतर बोर्ड कशानेही पुन्हा सुरू झाला, तरी जुनी कॉन्फिग.टीएक्सटीच लागते. झेंडा एकदाच वर होतो.

मांडणी अशी. बूट/फर्मवेअर फोल्डरात 'केळी१' नावाचं फोल्डर करा. त्यात नवी इमेज कर्नल८.आयएमजी या नावाने, ब्रॉडकॉमच्या डीटीबी फायली (बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन), सीएमडीलाइन.टीएक्सटीची (कर्नलला द्यायच्या सूचनांची) प्रत आणि ओव्हरलेज (डीटीबीत भर घालणाऱ्या फायलींचं) फोल्डर ठेवा. मग कॉन्फिग.टीएक्सटीची प्रत ट्रायबूट.टीएक्सटी नावाने करून तिच्यात दोन ओळी:

ओएस_प्रिफिक्स=केळी१/
ऑटो_इनिटरॅमएफएस=०

(फोल्डरचं नाव प्रत्यक्षात इंग्रजीत ठेवा, आणि पुढचा तिरका दांडा हवाच. तो नसेल तर फर्मवेअर ते फोल्डर न समजता फायलीच्या नावाची सुरुवात समजतं.)

यात तीन खड्डे आहेत.

पहिला: फोल्डरात कर्नल किंवा योग्य डीटीबी सापडली नाही तर फर्मवेअर ओएस_प्रिफिक्स गुपचूप दुर्लक्षित करतं आणि जुनं कर्नल उठवतं. तुम्हाला वाटतं नवं चाललंय. म्हणून उठल्याबरोबर यूनेम -आर (चालू कर्नलची आवृत्ती) बघा.

दुसरा: तुमच्या ओव्हरलेज फोल्डरात रीडमी नावाची फाइल असलीच पाहिजे. ती नसेल तर ओव्हरले जुन्याच सामायिक फोल्डरातून उचलले जातात. कर्नलच्या झाडातून सगळं कॉपी करताना लोक '*.डीटीबी*' एवढंच नेतात आणि रीडमी मागे राहते. कचरा समजून टाकून देऊ नका.

तिसरा: सीएमडीलाइनही त्याच फोल्डरातून वाचली जाते. तिच्यात पॅनिक=१० घाला. नवं कर्नल पॅनिक झालं (न सावरणारी चूक होऊन थांबलं) की दहा सेकंदांनी स्वतःच रीबूट होईल आणि झेंडा उतरलेला असल्यामुळे जुनं उठेल. हे नसेल तर बोर्ड पॅनिकचा मजकूर रिकाम्या पंपघराला दाखवत बसतो.

ऑटो_इनिटरॅमएफएस शून्य अशासाठी, की पायच्या डेफकॉन्फिगमधे कार्डाचा ड्रायव्हर आणि एक्स्ट४ दोन्ही आतच बांधलेले असतात. रूट (मुख्य फाइल सिस्टिम) साध्या एक्स्ट४ वर असेल तर इनिटरॅमएफएसशिवाय (रूट सापडेपर्यंतच्या तात्पुरत्या फाइल सिस्टिमशिवाय) चालतं.

पॅनिक न होता नुसतंच लटकलं, तर सिस्टिमडीच्या कॉन्फिगमधे रनटाइमवॉचडॉगसेक=१५ ठेवा. पायचा हार्डवेअर वॉचडॉग (बोर्ड लटकला की रीबूट करणारा राखणदार) याच्या वर मोजत नाही. पण सिस्टिमडी सुरू होण्याआधीच लटकलं तर हा कुत्रा अजून बांधलेलाच असतो.

फौजदारी_डाळ | ७:३३

त्याच्यासाठी लोडशेडिंग आहे ना! वीज गेली-आली की बोर्ड आपोआप जुन्या कर्नलवर. खान्देशात हार्डवेअर वॉचडॉग सरकारी आहे.

यूबूट_ताई | ७:४१

हसू नका, तांत्रिकदृष्ट्या हे अगदी बरोबर आहे. फक्त बोर्ड बॅटरीवर असेल तर तिथे हा वॉचडॉग पोचत नाही.

सातपुडा_४४० | ७:५५

वाखू (वाचनखूण) साठवली. ताई, __/\__

तापीकाठचा | ८:३०

ताई, फार उपयोगी. बोर्ड बॅटरीवर नाहीत, पंपाच्याच फेजवरून ॲडाप्टर आहे. फायली ४जीवरून पाठवायच्या आहेत, मॉड्यूलांचा आकार किती होतो? आणि टार (सगळ्यांचा एक गठ्ठा) करून थेट रूटवर सोडलं तर चालेल ना?

पांझरा | ८:४७

थांबा!! थेट रूटवर अजिबात सोडू नका.

मॉड्यूल्स_इन्स्टॉल तुम्हाला 'लिब/मॉड्यूल्स/६.१२...' असं झाड बनवून देतं. आजच्या डेबियनवर /लिब हे फोल्डर नाही, /यूएसआर/लिबकडे जाणारी सिमलिंक (शॉर्टकट) आहे. टारमधे 'लिब/' हे फोल्डर म्हणून नोंदलेलं असेल, तर उघडताना जीएनयू टार ती सिमलिंक काढून तिथे खरं फोल्डर ठेवतो. त्या क्षणापासून प्रोग्राम सुरू करून देणारा लोडरच सापडत नाही. एलएस चालत नाही, एसएसएच नवीन जोडणी घेत नाही, रीबूटही चालत नाही. ट्रायबूटही वाचवणार नाही, कारण बिघडलंय ते रूट, कर्नल नाही.

बरोबर रीत:
इन्स्टॉल_मॉड_पाथ=(एखादं रिकामं फोल्डर) आणि इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ देऊन मॉड्यूल्स_इन्स्टॉल करा. मग त्यातल्या लिब/मॉड्यूल्सच्या आत जाऊन फक्त आवृत्तीचं फोल्डर टार करा. त्यात 'बिल्ड' नावाची सिमलिंक असते, ती तुमच्या लॅपटॉपवरच्या पाथकडे बोट दाखवते, ती काढून टाका. बोर्डावर /यूएसआर/लिब/मॉड्यूल्समधे उघडा आणि डेपमॉड -ए (आवृत्ती) चालवा. स्ट्रिप करून एक्सझेडने दाबलं की वीस-पंचवीस एमबीच्या आसपास जातं. इमेज फाइलही जीझिप करून कर्नल८.आयएमजी नावाने ठेवता येते, पायचं फर्मवेअर ती उघडून घेतं.

कॉपी झाल्यावर शा२५६ (फाइलीचा ठसा) दोन्हीकडे जुळवा, मग सिंक, मगच रीबूट. बूट पार्टिशन फॅट आहे, जर्नल नाही. लिहिताना वीज गेली की फाइल अर्धी. जुन्या इमेजांवर हे पार्टिशन २५६ एमबीचंच असतं, दोन कर्नलं आणि दोन ओव्हरले-संच मावतात का ते डीएफ -एच ने आधीच बघा. जागा संपल्यावर कॉपीने दिलेली चूक लोक वाचत नाहीत, आणि उरलेली अर्धवट इमेज मुकाट्याने मरते.

अमळनेरी | ९:०२

'/लिब सिमलिंक आहे' हे वाचून घाम फुटला. आणि अजून मे महिना आलेला नाही.

मेहरूण_बोर | ९:२०

तापीकाठचे भाऊ, ६.१ वरून ६.१२ वर जाताय आणि रिले चालवताय, तर हे आधी वाचा. स्टार्टर कसा चालवता? सिस-क्लास-जीपीआयओमधे (जीपीआयओ म्हणजे बोर्डाच्या पिना) आकडा एक्सपोर्ट करून?

तापीकाठचा | ९:२६

हो. जुनी शेल स्क्रिप्ट आहे. १७ एक्सपोर्ट करून व्हॅल्यूमधे ० किंवा १.

मेहरूण_बोर | ९:५०

मग ती स्क्रिप्ट ६.१२ वर पहिल्याच ओळीला 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणेल. पायच्या कर्नलात ६.६ पासून जीपीआयओचा पाया ० वरून ५१२ वर गेला. पाय ४ वर १७ चा आकडा आता ५२९ आहे. डीबगएफएसमधली जीपीआयओ फाइल वाचलीत की दिसतं.

५२९ लिहून तात्पुरतं भागेल, पण हा पाया पुन्हा हलू शकतो. नीट उपाय म्हणजे लिबजीपीआयओडी (पिना चालवायची लायब्ररी). त्यातही मेख आहे: बुकवर्ममधे १.६ आहे, ट्रिक्सीमधे (डेबियन १३) २. लिहायची पद्धत वेगळी. १.६ ला 'जीपीआयओसेट जीपीआयओचिप० १७=१', तर २ ला '-सी जीपीआयओचिप० १७=१'. आणि २ मधे कमांड संपली की पिन सोडली जाते, म्हणून ती सर्व्हिस म्हणून चालू ठेवावी लागते.

आता खरी भीती. बाजारातले बहुतेक रिले बोर्ड ॲक्टिव्ह-लो असतात, पिन खाली गेली की रिले ओढतो. पायवर पिन ० ते ८ सुरुवातीला वर ओढलेल्या असतात, ९ ते २७ खाली. म्हणजे १७ वर ॲक्टिव्ह-लो रिले असेल तर बूट होताना मोटार चालू होण्याचा संभव. कॉन्फिग.टीएक्सटीत 'जीपीआयओ=१७=ओपी,डीएच' ही ओळ त्यासाठीच असते. ट्रायबूट.टीएक्सटी ही वेगळी फाइल आहे. कॉन्फिग.टीएक्सटीची प्रत न करता नवी कोरी लिहिलीत आणि ही ओळ राहिली, तर नव्या कर्नलची चाचणी रिकाम्या विहिरीत मोटार फिरवून होईल.

यूबूट_ताई | १०:०४

+१०००. प्रत करायला सांगितलं ते याचसाठी, कारण लिहायला हवं होतं. जमलं तर रिले जीपीआयओ ५ किंवा ६ वर न्या, म्हणजे कर्नल आणि कॉन्फिग दोन्ही मेले तरी मोटार बंदच राहील. आणि ड्राय-रन प्रोटेक्शन स्टार्टर पॅनलमधे वेगळं हवं. ते काम लिनक्सवर टाकू नका.

सातपुडा_४४० | १०:३०

उन्हाचा विषय निघाला म्हणून अवांतर. पत्र्याच्या पंपघरात मे महिन्यात बाहेर ४४-४५ असताना डब्यातली हवा त्याहून गरम. पाय ४ चिप ८० अंशांवर गेली की वेग उतरवते, ८५ ला आणखी. पण नव्या कर्नलला 'स्लो आहे' म्हणून शिव्या घालण्याआधी व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड चालवा. उत्तर शून्य-एक्स ५०००५ आलं तर आत्ता व्होल्टेज कमी आहे आणि वेग उतरलेला आहे. ५०००० आलं तर आता ठीक, पण बूट झाल्यापासून कधीतरी तसं होऊन गेलंय. दोन्हींत दोष ॲडाप्टरचा किंवा केबलचा. ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा आणि जाड तारेचा ॲडाप्टर लावा, मोबाइलचा चार्जर नको.

बोर्डावरच कर्नल बांधायची हौस असेल तर २ जीबीवर -जे४ ने शेवटच्या जोडणीला मेमरी कमी पडू शकते, -जे२ ठेवा. तासाच्या वरच लागतं, पंख्याशिवाय तर फारच.

फौजदारी_डाळ | १०:३४

मे महिन्यात पायवर कर्नल बांधा, वरून वांगं ठेवा. बिल्ड होईपर्यंत भरीत तयार.

सातपुडा_४४० | १०:३६

८५ अंशांत वांगं भाजत नाही हो. नुसतं घामेजतं.

यूबूट_ताई | दुपारी १:१५

तिसरा प्रश्न: ऑरेंज पाय. नाही, तिथे ट्रायबूट नाही. ते पायच्या फर्मवेअरचं काम आहे, इथे यू-बूट (कर्नल उठवणारा बूटलोडर) असतं.

झीरो ३ साठी आर्मबियनची (अशा बोर्डांसाठीच्या लिनक्सची) बिल्ड चौकट वापरा, हाताने करू नका. 'कंपाइल.एसएच कर्नल-कॉन्फिग बोर्ड=ऑरेंजपायझीरो३ ब्रांच=करंट' ने मेन्यूकॉन्फिग उघडतो, बदल जतन होतात. मग तीच ओळ 'कर्नल' शब्दाने चालवा. आउटपुट/डेब्समधे इमेज, डीटीबी आणि हेडरची पॅकेजं मिळतात. इमेज आणि डीटीबी दोन्ही एकाच बिल्डची बसवा. नवी इमेज आणि जुनी डीटीबी असली की बोर्ड उठतो, पण इथरनेट किंवा एखादा रेग्युलेटर रुसतो आणि कारण सापडत नाही.

इथला मोठा फरक: पॅकेजचं नाव आवृत्तीनुसार बदलत नाही, त्यामुळे नवं बसवलं की जुनं कर्नल जातं. परतीची वाट आपोआप राहत नाही. जुन्या दोन्ही .डेब फायली बोर्डावरच ठेवा. बोर्ड उठला आणि नेटवर आला तर डीपीकेजी -आय ने मागे जाता येतं. उठलाच नाही तर कार्ड काढावंच लागेल.

ते टाळायचं तर यू-बूट स्वतः बांधा, बूटकाउंट लिमिट (फसलेल्या बूटांची मोजणी) चालू करून. बूटलिमिट=३ आणि ऑल्टबूटसीएमडीमधे (मर्यादा संपल्यावर चालणाऱ्या कमांडीत) जुन्या कर्नलच्या फायलींची वेगळी प्रत. मोजणी एन्व्हायर्नमेंटमधे ठेवत असाल तर 'अपग्रेड_अव्हेलेबल' १ केल्याशिवाय ती सुरूच होत नाही. नीट उठल्यावर लिनक्समधून एफडब्ल्यू_सेटएन्व्हने ते ० करायचं. पण नवं यू-बूट कार्डावर ८ केबीच्या ठिकाणी लिहायचं काम दुरून करू नका. तिथे चुकलं तर मोजायलाही कोणी उरत नाही. ते टेबलावर करा, कार्ड तयार करून एकदाच बदला.

आणि सीरियल केबल घ्या, ३.३ व्होल्टची यूएसबी-टीटीएल. जळगावला गोलाणीत मिळायला हरकत नाही. ५ व्होल्टवर असेल तर जंपर बदला, नाहीतर पिन जाते. ऑलविनर आणि पायला वेग १,१५,२००. पुढेमागे रॉकचिपचा बोर्ड घेतलात तर तिथे बहुधा १५,००,००० असतो. सीपी२१०२ वाली केबल दहा लाखांच्या पुढे जात नाही, सगळं चिनी दिसतं, तेव्हा बोर्डाला दोष देऊ नका.

अमळनेरी | १:३२

सीरियलवर 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक' आलं तर कंसातले आकडे वाचा. (०,०) म्हणजे कर्नलला कार्डच दिसलं नाही: एमएमसी ड्रायव्हर मॉड्यूल राहिला, किंवा इनिटरॅमएफएस नाही आणि रूट यूयूआयडीने दिलंय. (१७९,२) म्हणजे कार्ड आणि पार्टिशन दिसलं, पण त्यावरची फाइल सिस्टिम कळली नाही, एक्स्ट४ बघा. १७९ हा एमएमसीचा मेजर नंबर.

कमांडलाइनमधे 'एमएमसीबीएलके०' लिहू नका, पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) लिहा. कर्नल बदललं की ० आणि १ यांची अदलाबदल होऊ शकते.

भुसावळ_लोको | संध्याकाळी ६:४०

दिवसभर वाचतोय. आता पुन्हा मूळ प्रश्नावर येतो, आणि कालचं माझंच म्हणणंही मागे घेतो. मॉड्यूलचीही गरज नाही.

पाण्याच्या मीटरचे पल्स सेकंदाला किती? रीड स्विचचा (चुंबकाने मिटणाऱ्या स्विचचा) मीटर असेल तर दोन-चार, फार तर दहा. त्यासाठी कर्नलचा काउंटर कशाला? ५.१० पासून जीपीआयओच्या नव्या इंटरफेसमधे कर्नल स्वतःच सॉफ्टवेअर डिबाउन्स करतं (स्विचची थरथर गाळतं) आणि घटना रांगेत ठेवतं. ६.१ मधे ते आहेच. फक्त बुकवर्मचं लिबजीपीआयओडी १.६ जुना इंटरफेस वापरतं, त्याला हे येत नाही. पायथनचं जीपीआयओडी २ पिप-ने व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधे टाका, लाइनसेटिंग्जमधे एज फॉलिंग, बायस पुल-अप, डिबाउन्स २० मिलिसेकंद.

उलट इंटरप्ट काउंटर ड्रायव्हरला डिबाउन्स नाही. रीड स्विच एकदा मिटताना चार वेळा थरथरला तर तो चार मोजेल. ज्याच्यासाठी कर्नल बांधणार होतात तोच आकडा चुकला असता.

पांझरा | ६:५५

हा मुद्दा माझ्याही लक्षात आला नव्हता. इंटरप्ट काउंटर वापरायचाच असेल तर पिनवर आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) हवं: १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड, म्हणजे साधारण १० मिलिसेकंद. पण मग सॉफ्टवेअरनेच झालेलं बरं. एकच शंका: पायथन प्रोग्राम पडला तर मधले पल्स गेले. ड्रायव्हर असता तर आकडा कर्नलात वाढत राहिला असता.

भुसावळ_लोको | ७:०२

सिस्टिमडीत रिस्टार्ट=ऑलवेज, आणि आकडा दर मिनिटाला फाइलमधे. सलग दोन सेकंदांचे पल्स गेले तर केळीला फरक पडत नाही. आणि बोर्ड रीबूट झाला की तुमच्या ड्रायव्हरचा आकडाही शून्यच.

पांझरा | ७:०५

बरं, हरलो. अर्धाच :)

तापीकाठचा | रात्री ९:४५

सगळ्यांचे आभार. ठरवलं ते लिहितो, चुकत असेल तर सांगा.

९ पायवर स्वतःचं कर्नल नाही. पल्स लोकोंच्या पद्धतीने. ६.१२ ॲप्टमधूनच घ्यायचं, पण त्याआधी स्क्रिप्टमधून १७ चा आकडा जाईल आणि रिले ५ नंबरवर येईल. ५ ऑरेंज पायला आर्मबियनचं बिल्ड, यू-बूट टेबलावर, बूटकाउंटसह, कार्ड एकदाच बदलायचं.

एक राहिलं. ॲप्टमधून येणारं कर्नलही ट्रायबूटने तपासता येईल का? ॲप्ट तर थेट कर्नल८.आयएमजीवरच लिहितं.

यूबूट_ताई | १०:०८

येईल, क्रम उलटा करा. ॲप्ट चालवण्याआधी चालू कर्नल, डीटीबी, ओव्हरलेज (रीडमीसकट!), इनिटरॅमएफएस८ आणि सीएमडीलाइन 'जुनं' नावाच्या फोल्डरात कॉपी करा. कॉन्फिग.टीएक्सटीची प्रत ट्रायबूट.टीएक्सटी करून ठेवा, तिच्यात प्रिफिक्स नाही. मग मूळ कॉन्फिग.टीएक्सटीत ओएस_प्रिफिक्स=जुनं/ लिहा आणि एक साधा रीबूट करून तो जुन्या फोल्डरातून उठतोय याची खात्री करा. आता ॲप्ट चालवा, '० ट्रायबूट' द्या. नवं टिकलं तर दोन दिवसांनी कॉन्फिग.टीएक्सटीतली ती ओळ काढा. जुन्या कर्नलचं /लिब/मॉड्यूल्समधलं फोल्डर ॲप्टच्या ऑटोरिमूव्हने तोवर उडवू नये, एवढं बघा.

आणि पॅनिक=१० आता मुख्य सीएमडीलाइनमधे हवं, जुन्या फोल्डरातल्या प्रतीत नाही.

फौजदारी_डाळ | १०:१२

भो, पहिल्याच दिवशी विचारलं होतं, कशाले एवढा कुटाणा.